हाड किती, भर किती?

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. लहानपणी वाढदिवसाला मिळालेल्या पुस्तकातलं टी. रेक्स या डायनासोरचं चित्र चुकीचं होतं, हे कळल्यावर तुला फसवल्यासारखं वाटलं. त्यानंतर दर दोन-चार वर्षांनी नवीन काहीतरी कानावर येत राहिलं. अंगावर पिसं होती, मग नव्हती. वेगानं पळायचा, मग पळतच नव्हता. आता म्हणे ओठही होते. "मॅडम, जे शास्त्र स्वतःचा शब्द सारखा फिरवतं त्यात आयुष्य का घालवायचं?" असं तू विचारलंयस. भूशास्त्राला प्रवेश घेण्याआधीच हा प्रश्न तुला पडला, याचा मला आनंद झाला. एका ओळीत उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सुरुवातीपासून बघू. 20 फेब्रुवारी 1824 या दिवशी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत भूशास्त्रज्ञ विल्यम बकलंड यांनी मेगॅलोसॉरसची ओळख करून दिली. शास्त्रीय नाव मिळालेला हा पहिला डायनासोर, आणि तोही मांसभक्षी. 'डायनासोर' हा शब्द तेव्हा जन्माला यायचा होता; तो रिचर्ड ओवेन यांनी 1842 मध्ये घडवला. बकलंड यांच्यासमोर होता ऑक्सफर्डजवळच्या स्टोन्सफील्डच्या खाणीतून आलेला खालच्या जबड्याचा एक तुकडा, त्यात करवतीच्या धारेसारखे दात, काही मणके, कमरेची आणि पायाची काही हाडं. तीसुद्धा एकाच प्राण्याची नव्हेत. एवढ्या ऐवजावरून त्यांनी मनातल्या मनात एक सरडा मोठा करत नेला आणि त्याची लांबी चाळीस फुटांच्या पुढे गेली. 1854 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स यांनी त्याचा भव्य पुतळा उभारला: चार पायांवर चालणारा आणि खांद्यावर बैलासारखं वशिंड असलेला. ते वशिंड आलं उंच काट्यांच्या काही मणक्यांवरून, आणि ते मणके दुसऱ्याच प्राण्याचे निघाले. आज मेगॅलोसॉरस दोन पायांवर चालतो आणि त्याची लांबी बकलंड यांच्या अंदाजाच्या निम्म्याच्या आसपास आहे.

वर्गात मी इथे थांबायची आणि विचारायची, यातलं चुकलं नेमकं काय? तो जबडा अजून ऑक्सफर्डच्या संग्रहालयात आहे. त्यातले दात मांस कापणाऱ्या प्राण्याचे आहेत, हे बकलंड यांचं म्हणणं दोनशे वर्षांनंतरही तसंच उभं आहे. हाडांच्या मधली जागा त्यांनी ज्या ऐवजानं भरली, तो चुकला. म्हणून कुठलंही चित्र, पुतळा किंवा बातमी पाहिलीस की पहिला प्रश्न हा विचार: यात हाड किती आणि भर किती?

आता तुझ्या पुस्तकातल्या चित्राकडे येते. बार्नम ब्राउन यांना 1902 मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, हेल क्रीकच्या खडकांत टी. रेक्सची हाडं सापडली. हेन्री फेअरफिल्ड ऑसबोर्न यांनी 1905 मध्ये त्याला नाव दिलं. 1908 मध्ये मिळालेला दुसरा, जास्त चांगला सांगाडा 1915 मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयात उभा राहिला. शब्दशः उभा. अंग सरळ वर, शेपूट जमिनीवर टेकलेली, कांगारूसारखा तोल. जगभरच्या पुस्तकांनी ते रूप उचललं आणि कित्येक दशकं तेच छापलं. खडकांतल्या पावलांच्या ठशांनी मात्र वेगळंच सांगितलं असतं. दोन पायांच्या मांसभक्षी डायनासोरांच्या ठशांच्या ओळी सापडत होत्या आणि त्यांच्या मधोमध शेपूट घासल्याची रेघ जवळजवळ कधीच दिसत नव्हती.

हे चित्र बदललं ते दुसऱ्याच एका छोट्या शिकाऱ्यामुळे. 1964 मध्ये जीवाश्मांचे अभ्यासक जॉन ऑस्ट्रॉम यांना मोंटानातच डायनोनायकसची हाडं मिळाली. पायाच्या एका बोटाला विळ्यासारखी नखी, आणि शेपटीत मणक्यांना लगटून गेलेल्या लांब हाडांच्या काड्या. अशी ताठ शेपूट जमिनीवर ओढता येत नाही. ती तोल सांभाळायला मागे आडवी धरावी लागते. 1969 मध्ये त्यांनी या प्राण्याचं सविस्तर वर्णन छापलं, आणि सुस्त, थंड रक्ताचे, अवजड सरडे ही समजूत ढासळू लागली. न्यूयॉर्कचा टी. रेक्स 1990 च्या दशकात सोडवून नव्यानं जोडला गेला, पाठीचा कणा आडवा आणि शेपूट हवेत ठेवून.

यात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. चार्ल्स नाइट या चित्रकारानं 1897 मध्येच दोन मांसभक्षी डायनासोर झुंजताना रंगवले होते, एक जमिनीवर पाठ टेकून आणि दुसरा त्याच्यावर झेप घेताना हवेत. म्हणजे चपळ डायनासोरांची कल्पना आधी आली होती, मग मागे पडली, आणि सत्तर वर्षांनी पुन्हा आली. ज्ञान जिन्यासारखं पायरी-पायरीनं वर जातं असं आपण शाळेत शिकवतो, मीही शिकवलं. या विषयात ते नदीसारखं वळणं घेत जातं.

मला सगळ्यात आवडणारी कथा गोबीच्या वाळवंटातली आहे. 1965 मध्ये पोलंड आणि मंगोलियाच्या संयुक्त मोहिमेत झोफिया किएलान-यावरोव्स्का यांना दोन प्रचंड हात सापडले. एकेक हात 2.4 मीटर लांब, टोकाला मोठ्या नख्या. बाकी जवळजवळ काहीच नाही. 1970 मध्ये त्याचं नाव ठेवलं डायनोकायरस, म्हणजे 'भयंकर हात', आणि त्याला मोठ्या मांसभक्षकांच्या गटात बसवलं. असले हात असलेला शिकारी केवढा असेल, या विचारानं माणसांची झोप उडाली असेल! 1972 मध्ये ऑस्ट्रॉम यांनी त्याच हाडांकडे पाहून म्हटलं की हे शहामृगासारख्या दिसणाऱ्या डायनासोरांच्या हातांशी जुळतात. पण नुसत्या हातांवरून पुढे जाता येईना. अखेर 2014 मध्ये आणखी दोन सांगाड्यांचं वर्णन छापून आलं. त्यातल्या एकाची कवटी आणि पाय चोरांनी उपसून नेले होते, ते युरोपातल्या खासगी संग्रहातून मंगोलियाला परत मिळाले. उलगडा झाला तो असा: बदकासारखं पसरट, बिनदातांचं तोंड, पाठीवर उंचवटा, पोटात 1,400 हून जास्त गुळगुळीत दगड आणि माशांचे अवशेष. पाला खाणारा, जोडीला मासे गिळणारा अवाढव्य प्राणी. भयंकर शिकारी कधी नव्हताच. आता लक्षात घे, 1970 मध्ये त्या हातांची जी मापं घेतली ती 2014 मध्येही खरीच होती. नवीन हाडं त्यांच्या शेजारी ठेवता आली, कारण पहिलं काम नीट झालं होतं.

आणि हाडंच उरली नाहीत तर? स्पायनोसॉरसचं तसं झालं. एर्न्स्ट श्ट्रोमर यांच्यासाठी 1912 मध्ये इजिप्तच्या बहारिया मरूद्यानात ही हाडं गोळा झाली, 1915 मध्ये त्यांनी नाव दिलं. नाझींवर उघड टीका करणाऱ्या श्ट्रोमर यांनी युद्धात संग्रह सुरक्षित जागी हलवा म्हणून विनवण्या केल्या, त्या कुणी ऐकल्या नाहीत. एप्रिल 1944 मध्ये म्युनिकवर बॉम्ब पडले आणि सांगाडा एका रात्रीत गेला. मागे राहिली ती त्यांची रेखाचित्रं, मोजमापं आणि वर्णन. नंतरची कित्येक वर्षं जगानं त्या कागदांवर स्पायनोसॉरस जिवंत ठेवला. मोरोक्कोत नवीन हाडं मिळाल्यावर 2014 मध्ये त्याला आखूड पायांचा, पाण्यात वावरणारा ठरवलं गेलं. 2020 मध्ये वल्ह्यासारखी रुंद शेपूट सापडली. 2022 मध्ये एका गटानं हाडांच्या घनतेवरून तो पाण्यात बुडी मारून शिकार करत असे म्हटलं, तर त्याच वर्षी दुसऱ्या गटानं तो काठाशी उभा राहून मासे पकडणारा आणि खोल पाण्यात कलंडणारा प्राणी आहे असं मांडलं. हा वाद संपलेला नाही. तू पदवीधर होशील तोवरही बहुधा संपणार नाही.

आपल्याकडचंही सांगते. जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवरून निघालेल्या हाडांना फ्रीडरिश फॉन ह्यूने आणि चार्ल्स मॅटली यांनी 1933 मध्ये इंडोसुकस आणि इंडोसॉरस ही नावं दिली. अर्धवट कवट्या, सुटे तुकडे. पुढची पन्नास वर्षं त्यांना कधी अ‍ॅलोसॉरसच्या, कधी टी. रेक्सच्या कुळात ढकललं गेलं, कारण मोठे शिकारी म्हटले की उत्तर गोलार्धातलेच डोळ्यांसमोर यायचे. 1985 मध्ये अर्जेंटिनातून अबेलिसॉरस आणि कार्नोटॉरस यांचं वर्णन झालं आणि मग उमगलं की आपले शिकारी त्यांचे भाऊबंद आहेत, गोंडवन या दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडातले. गुजरातेत रहिओलीला 1980 च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी काढलेली हाडं तर 2003 पर्यंत थांबली, तेव्हा त्यांना राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव मिळालं. जबलपूरचाच, शाकाहारी टायटॅनोसॉरसचा, ज्यावरून त्याला नाव मिळालं तो शेपटीतला मूळ मणका कित्येक वर्षं हरवला असं धरलं होतं. तो 2012 मध्ये कोलकात्याच्या संग्रहात पुन्हा हाती लागला.

हे लिहिताना मला आमच्या महाविद्यालयातलं एक कपाट आठवतं. त्यात एका कप्प्यात जाड, जड, काळपट हाडं होती आणि एकावरही चिठ्ठी नव्हती. कुठल्या थरातली, कुठल्या गावची, कुणी आणली, काही नाही. मी वर्षभर जुन्या वह्या चाळल्या. ती हाडं अजून माझ्या डोळ्यांसमोर येतात, आणि मला वाईट वाटतं. त्यांच्याकडून कुणी काहीच शिकू शकणार नाही.

आता तुझ्या मूळ तक्रारीकडे. सगळे बदल एका जातीचे नसतात. शेपटीचा प्रश्न सुटला, तो परत उघडणार नाही. टी. रेक्स हाडं फोडून खायचा हेही पक्कं आहे. कॅनडातल्या सॅस्कॅचवानमध्ये त्याची अश्मीभूत विष्ठा मिळाली, 1998 मध्ये तिचं वर्णन छापलं गेलं, आणि ती हाडांच्या चुऱ्यानं भरलेली होती. पण त्याच्या चाव्याचा जोर नेमका किती? 2012 च्या एका संगणकीय अभ्यासात तो 35,000 ते 57,000 न्यूटन निघाला, 2017 च्या दुसऱ्या अभ्यासात साधारण 8,500 ते 34,500. हा आकडा पुन्हा हलेल. पिसांचंही असंच. चीनमधल्या युटायरॅनस या नऊ मीटर लांब नातेवाइकाच्या अंगावर पिसं होती हे 2012 मध्ये दगडातच दिसलं. टी. रेक्सच्या कातडीचे जे थोडे ठसे मिळाले, ते 2017 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांत खवले आहेत. दोन्ही खरं आहे, प्राणी दोन आहेत.

आणि काही प्रश्न खरोखरच उलटसुलट फिरतात. 1942 मध्ये मोंटानात मिळालेली एक लहानशी कवटी 1988 मध्ये नॅनोटायरॅनस नावानं स्वतंत्र ठरली. 1999 पासून बहुतेक अभ्यासक म्हणू लागले की हे टी. रेक्सचं अर्धवट वाढलेलं पोर आहे. मीही वर्गात तेच सांगितलं, ठामपणे. 2025 मध्ये लिंडसे झानो आणि जेम्स नेपोली यांनी एका जवळजवळ पूर्ण सांगाड्यावरून दाखवलं की तो प्राणी वीसेक वर्षांचा, वाढ होत आलेला होता. त्याचे हात मोठे, दात जास्त, शेपटीतले मणके कमी. वाढत्या वयात हे असं बदलत नाही. म्हणजे तो स्वतंत्रच. टी. रेक्सच्या तारुण्याबद्दल जे जे लिहिलं गेलं, त्यातलं बरंच आता पुन्हा तपासावं लागणार. त्या दिवशी बातमी वाचून मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना एकेक करून कळवलं. तुझ्यासारखं वाईट मला वाटलं नाही. हाडाच्या आतली वाढीची वलयं मोजून कुणीतरी माझी चूक दाखवून दिली होती, आणि ती वलयं मलाही मोजता येतात.

तेव्हा नावं पाठ करत बसू नकोस. चित्र काढायला शीक, वाईट आलं तरी चालेल. हाड हातात आलं की ओळखायच्या आधी त्याचं चित्र काढ, मापं लिही, तुटलेली कड कुठली आणि मूळची कुठली हे खूण करून ठेव. घरात चालत असेल तर पुढच्या वेळी कोंबडी आणली की हाडं टाकू नकोस. उकळून, स्वच्छ करून, वाळवून ठेव. छातीजवळचं इंग्रजी व्हीसारखं जोडहाड शोध. तसंच हाड टी. रेक्सलाही होतं. पायाची तीन बोटं जमिनीवर कशी टेकतात ते बघ. चालत नसेल तर अंगणातल्या साळुंकीची चाल बघत बस, त्यातूनही खूप कळेल.

डिसेंबरात सुटी असेल तर नागपूरला ये. वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला जाऊ. एकोणिसाव्या शतकात नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी तिथून हाडं गोळा केली होती. तिथल्याच अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण मिळाले आणि 2005 मध्ये कळलं की डायनासोरांच्या काळातही गवत होतं. तोवर ते नव्हतं असंच पुस्तकांत असायचं. सकाळी लवकर निघू, ऊन तिरपं असताना जमिनीवरचे तुकडे चांगले दिसतात. भिंग, मोजपट्टी, पेन्सिल आणि बिनरेघांची वही आण. पिशवी आणू नकोस, तिथून काही उचलायचं नाही. टोपी मात्र विसरू नकोस.

तुझ्या मॅडम