दात काढून परत बसवताना

रूट कॅनाल दोनदा करूनही दाढेच्या मुळाशी पू होतोच आहे, म्हणून दाढ काढून, दुरुस्त करून परत बसवायची म्हणतोस. कर, पण केस नीट निवड. खालची दुसरी दाढ यासाठी बरी, कारण तिथे हाड जाड आणि नस जवळ असते, त्यामुळे दाढ जागेवर ठेवून बाहेरून मुळाच्या टोकावर शस्त्रक्रिया अवघड जाते. मुळं जुळलेली, निमुळती हवीत. फाकलेली असतील तर काढतानाच मोडतील. हिरड्यांचा आजार असेल तर नादच सोड.

सगळा जीव मुळावरच्या पातळ आवरणात असतो. म्हणून एलिव्हेटर (दात उचकटायचं हत्यार) शक्यतो नको, फोर्सेप्स (दात धरायचा चिमटा) फक्त दाढेच्या वरच्या भागावर, आणि घाई अजिबात नाही. माझ्या पहिल्या केसमधली दाढ मी जोर लावून मोडली होती, अजून आठवते! दाढ हातात आली की आधी भिंगाखाली तडा शोध. उभा तडा दिसला तर ती परत बसवू नकोस. नसेल तर मुळाचं टोक ३ मिमी कापून एमटीएने (मुळाचं टोक बंद करायचं सिमेंट) बंद कर. तोवर सलाईनची धार चालूच ठेव. हे सगळं १५ मिनिटांत उरकायला हवं, म्हणून सामान आधीच मांडून ठेव.

हाडातल्या खोबणीच्या भिंती खरवडू नकोस. दाढ बसवल्यावर थोडी हलू देणारा स्प्लिंट (शेजारच्या दातांना बांधून ठेवणारा आधार) साधारण दोन आठवडे पुरे. पुढे तपासणीत ठोकल्यावर धातूसारखा टणटण आवाज आला, तर मूळ हाडाला चिकटलंय. हे रुग्णाला आधीच सांगून ठेव.