अटकेची कारणे मराठीत दिली, पण माणसाला मराठी वाचताच येत नाही

प्रश्न थोडक्यात असा : नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या बिहारच्या कामगाराला मारहाणीच्या गुन्ह्यात रात्री अटक झाली, मराठी कागदावर सही घेतली आणि सकाळी सीबीएसजवळच्या कोर्टात हजर करणार आहेत. ही अटक टिकेल का?

भाषेच्या मुद्द्यावर तुमची बाजू भक्कम आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या मिहिर शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य (६ नोव्हेंबर २०२५) या निकालाप्रमाणे अटकेची कारणे लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेतच द्यावी लागतात, गुन्हा कोणताही असो. लगेच लेखी देणे शक्यच नसेल तर तोंडी सांगता येतात, पण मग लेखी प्रत रिमांडसाठी (कोठडी मागण्यासाठी) कोर्टात हजर करण्याच्या किमान दोन तास आधी हातात पडली पाहिजे. ‘वाचून समजावून सांगितले’ एवढ्या शेऱ्याने भागत नाही.

आता तो कागद नीट बघा. ‘पुरावा नष्ट करू नये म्हणून’, ‘साक्षीदारांवर दबाव येऊ नये म्हणून’ असली छापील वाक्येच असतील, तर ती कुठल्याही आरोपीला चिकटवता येतात. याच माणसाने कधी, कुठे, काय केल्याचा आरोप आहे ते त्यात हवे. हा फरक सर्वोच्च न्यायालयाच्याच पुरकायस्थ निकालाने (२०२४) स्पष्ट केला आहे, आणि बऱ्याच अटका इथेच लंगड्या पडतात.

हरकत रिमांडचा आदेश होण्याआधी, लेखी अर्जाने घ्या. तोंडी बोललेले रोजनाम्यात (कोर्टाच्या दैनंदिन नोंदीत) येईलच असे नाही. कारणे दिली होती हे सिद्ध करायची जबाबदारी पोलिसांची (विहान कुमार निकाल, २०२५). कोठडीतल्या माणसाला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मागणी करा.

वेळेचेही बघा. संविधानाच्या कलम २२(२) प्रमाणे कोर्टात हजर करण्याचे २४ तास प्रत्यक्ष ताब्यात घेतल्यापासून धरायचे (प्रवासाचा वेळ वगळून). अटक पंचनाम्यातली वेळ बहुधा पोलिसांच्या सोयीची असते. संध्याकाळी उचलले आणि अटक मध्यरात्रीनंतरची दाखवली, असा संशय असेल तर ठाण्यातले सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवण्याचा अर्ज आजच द्या. परमवीर सिंग सैनी निकालाप्रमाणे (२०२०) ते १८ महिने ठेवायचे असते, पण न मागता कोणी जपत नाही.

शिक्षा सात वर्षांपर्यंतचीच असेल तर बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ३५(३) ची, चौकशीला हजर राहण्याची नोटीस न देता थेट अटक का केली, हेही विचारा. ती नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवलेली चालत नाही.

मात्र एक गैरसमज नको. अटक बेकायदा ठरली तरी गुन्हा रद्द होत नाही. पोलीस नंतर योग्य भाषेत कारणे देऊन, कोठडी का हवी ते सांगून पुन्हा अर्ज करू शकतात. म्हणून जामीन अर्ज आणि जामीनदाराची कागदपत्रे त्याच फाइलमध्ये तयार ठेवा.

एमपीडीए या प्रतिबंधात्मक कायद्याखाली स्थानबद्ध केले असेल तर यातले फारसे लागू नाही, तिथे कलम २२(५) बघावे लागेल.