भांडी बाजारातील बंद गाळा

प्रश्न : जुन्या नाशकात भांडी बाजारालगत आमचे तीन पिढ्यांचे दुकान आहे. समोरच्या वाड्याचे तळमजल्यावरील दोन गाळे नऊ वर्षांपासून बंद आहेत. संध्याकाळी साडेसातनंतर गल्ली ओस पडते आणि आमचीच मुले खरेदीला कॉलेज रोडला जातात. आम्ही अकरा दुकानदार आणि वीस रहिवासी मिळून प्रत्येकी पंचवीस हजार रुपये काढून हे गाळे दुरुस्त करावेत आणि तेथे तांबटकामाचे दालन व चहा-फराळाची सोय करावी, असा विचार आहे. काही जण मात्र महापालिका काय करते ते आधी पाहू म्हणतात. पैसे कोणत्या रूपात गोळा करावेत आणि सुरुवात कशापासून करावी? (एक वाचक, जुने नाशिक)

उत्तर : तुमचे पावणेआठ लाख रुपये रंगरंगोटीला हात लावण्याआधी कागदांवर थोडे खर्च झाले पाहिजेत. जुन्या नाशकातील गाळे गिऱ्हाईक नाही म्हणून बंद पडतात, असे सरसकट म्हणता येत नाही. पुष्कळदा मिळकत पत्रिकेवर आजोबांचेच नाव राहिलेले असते, वारस पुण्या-मुंबईत विखुरलेले असतात आणि कुलूप लावून गेलेल्या जुन्या भाडेकरूचा हक्क संपलेला नसतो. म्हणून सिटी सर्व्हेचा उतारा काढा, सर्व वारसांची यादी करा आणि पागडीचा, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कमी भाड्याने राहिलेला, भाडेकरू असल्यास त्यालाही पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 नुसार मूळ करारात मुभा नसेल, तर मालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवता येत नाही. त्यामुळे भाडेकरूने परस्पर दिलेली किल्ली घेऊन दुरुस्तीवर पैसा ओतणे हा सर्वांत महागडा उत्साह ठरेल. करार अनेक वर्षांचा असावा आणि तो नोंदणीकृतच असावा. दुरुस्तीचा खर्च भाड्यातून कसा वळता होईल, हे त्यात आकड्यांनिशी लिहावे, कारण तोंडी शब्द मालकाच्या पुढच्या पिढीला बांधत नाही.

आता पैशाचे रूप. गल्लीत भिशी चालते म्हणून हेही तसेच चालेल, असे समजू नका. ‘इतके टक्के व्याज देऊ’ असे सांगून नोंदणीशिवाय लोकांकडून ठेवी घेतल्या, तर अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा 2019 चा कायदा आणि ठेवीदारांच्या संरक्षणासाठीचा महाराष्ट्राचा 1999 चा कायदा, दोन्ही आड येऊ शकतात. साध्या भागीदारीत पन्नासपर्यंत भागीदार चालतात, परंतु धंदा बुडाल्यास देणे प्रत्येकाच्या घरापर्यंत येते. सहकारी संस्थेला निरनिराळ्या कुटुंबांतील किमान दहा व्यक्ती लागतात आणि तेथे भाग कितीही असले तरी मत एकच असते. तुमच्या एकतीस जणांसाठी मला मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी, सोयीची वाटते, कारण तीत प्रत्येकाची जोखीम सर्वसाधारणपणे त्याच्या वर्गणीपुरतीच राहते. वर्षाचे विवरणपत्र वेळेवर भरावे लागते, तेव्हा हिशेबनीसाचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा. पुढे तांबट कारागीर स्वतः मालक होऊ इच्छितील, तर सहकारी संस्थेचा विचार जरूर करावा.

वाड्याच्या बाबतीत प्रथम माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत, आणि तुळया पाहाव्यात. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. तशी नोटीस आलेली असल्यास स्ट्रक्चरल अभियंत्याच्या लेखी अहवालाशिवाय एक खिळाही ठोकू नये. विटा-मातीच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिल्यास ओल आतच कोंडते, तेथे चुन्याचाच गिलावा हवा. शिवाय तुमच्या गल्लीला सरस्वती नाल्याचा शेजार आहे. ऑगस्ट 2016 मध्ये सराफ बाजार आणि भांडी बाजारात पाणी शिरले, त्या पाण्याची खूण शेजारच्या भिंतीवर कोठवर होती, हे जुन्या दुकानदारांना विचारून विजेची बटणे आणि मालाच्या फळ्या तिच्या वर घ्या. नाल्याची सफाई हे मात्र तुमच्या वर्गणीचे काम नव्हे. त्यासाठी महापालिकेकडे सर्वांनी मिळून, दर वर्षी आणि लेखी पाठपुरावा करायचा असतो. बाकीच्या कामासाठी तिची वाट पाहण्याचे कारण मला दिसत नाही.

दालनात काय ठेवावे, याविषयी एक सुचवतो. निव्वळ शोभेच्या तांब्याच्या वस्तू मांडल्या, तर लोक एकदा पाहून जातात. त्याऐवजी आठवड्यातून दोन संध्याकाळी ओट्यावर कल्हईची भट्टी लावा. पितळी पातेले तापले, त्यात कथील फिरले आणि नवसागराचा पांढरा धूर उठला, की चालणारा माणूस थांबतो, आणि गंगापूर रोडच्या घरांतील माळ्यांवर पडून असलेली आजीची भांडी त्या निमित्ताने गल्लीत येतात. भांडे होईपर्यंतचा अर्धा तास चहा-फराळाचा. शेजारी मठार घालणारा, म्हणजे भांड्यावर हातोडीचे ठोके उमटवणारा, तांबट बसवलात, तर नवा हंडाही विकला जाईल. मात्र 2027 च्या सिंहस्थाची गर्दी उत्पन्नात धरू नका. बारा वर्षांतून एकदा येणारे गिऱ्हाईक भाडे भरत नाही.

रहिवासी शेवटपर्यंत टिकतील का, ही शंका तुमच्या पत्राच्या कडेने डोकावते. रंगपंचमीची रहाड आठवा. वर्षभर बुजवून ठेवलेला तो पेशवेकालीन हौद उघडणे, उपसणे, फुलांचा रंग उकळणे आणि धप्पा मारणाऱ्यांची, म्हणजे हौदात उडी घेणाऱ्यांची, गर्दी आवरणे, हे सारे मानकरी आणि गल्लीतील मंडळी पिढ्यानपिढ्या वाटून घेत आली आहेत. प्रत्येकाचे काम ठरलेले असते, म्हणूनच ते पार पडते. गाळ्याच्या किल्लीचा, गल्ल्याचा आणि झाडलोटीचा वारही तसाच ठरवून द्या.

प्रश्न : आमच्या गल्लीत वाहनबंदी झाल्यास धंदा वाढेल का? (एक कापड व्यापारी, मेन रोड परिसर)

उत्तर : कायमच्या बंदीची मागणी घाईची होईल. पुण्यात 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग एका दिवसापुरता पादचाऱ्यांसाठी मोकळा ठेवला जातो. तुम्हीही वाहतूक पोलिसांच्या परवानगीने एक रविवार संध्याकाळ मागून घ्या आणि त्या दिवसाच्या पावत्या आदल्या रविवारच्या पावत्यांशी ताडून पाहा. हातगाडीवाल्यांना हटवण्याची अट मात्र घालू नका. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने नगर विक्रेता समितीत किमान चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना दिल्या आहेत, तेव्हा त्यांच्याशी बोलूनच रेषा आखलेल्या बऱ्या. मालाच्या टेम्पोंसाठी सकाळी नऊपर्यंतची वेळ ठरवा, आणि ती संध्याकाळ रंगपंचमीच्या आठवड्यात धरू नका, कारण रहाड उघडली की गल्ली तशीही बंदच असते.