गाडी उंच आहे, मग पट्टा कशाला?

प्रश्न : आमचा छोटा हत्ती आहे. मळ्यातला टोमॅटो नारायणगावच्या बाजारात नेतो, येताना तोडणीच्या बायका मागं हौद्यात बसतात. पुढं यजमान, मी आणि मांडीवर चार वर्षांचा नातू. यजमान पट्टा लावत नाहीत. म्हणतात, "आपण उंचावर बसतो, पट्टा कारवाल्यांनी लावावा." खरं काय?
– एक भगिनी, जुन्नर तालुका

उत्तर : ताई, महामार्गालगतच्या दवाखान्यात मी वीस वर्षं हाडं जोडतोय. उंचीवर भिस्त ठेवू नका. कारचं बॉनेट चेपतं आणि धडकेचा जोर खातं. तुमच्या गाडीत गुडघ्यापुढं वीतभर जागा, की लगेच पत्रा. त्यामुळे वाटी फुटते, कधी मांडीचं हाड खुब्यातून मागं निखळतं. ते सहा तासांच्या आत बसवावं लागतं. उशीर झाला तर रक्तपुरवठा तुटून हाडाचं डोकं मरण्याची भीती असते.

पट्टा पाय पूर्ण वाचवत नाही, हे खरंच सांगतो. पण डोकं आणि छाती वाचवतो, माणूस बाहेर फेकला जात नाही. अमेरिकेच्या सरकारी हिशेबानुसार पुढच्या सीटवरच्यांचा मृत्यूचा धोका पट्ट्यामुळे कारमध्ये ४५ टक्के कमी होतो, पिकअप-व्हॅनसारख्या गाड्यांत ६० टक्के. उंच गाडी लवकर कलंडते, म्हणून तिथं पट्ट्याची गरज जास्तच. पट्टा लावलेल्याचा शर्ट कापला की खांद्यापासून कमरेपर्यंत निळा वळ दिसतो. मग मी पोट नीट तपासतो, पण तो माणूस बहुधा माझ्याशी बोलत असतो.

नातवाला मात्र या गाडीत घेऊच नका. ताशी ५० किलोमीटरची धडक म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडणं. तेव्हा मांडीवरचं पोर कुठल्याच आजीच्या हातात राहत नाही. हौद्यातल्या बायकांना तर धरायला फाळक्याशिवाय काहीच नाही, आणि मालाच्या गाडीत अशी माणसं नेणं कायद्यातही बसत नाही. त्यांना एसटीनं आणा, तिकीट तुम्ही काढा.

आजच सीटच्या कडेला हात घालून पट्ट्याचं लॉक चाचपा. नवं कव्हर घालताना ते बऱ्याचदा खाली दबून जातं. कव्हरला चीर द्या, लॉक वर काढा, आणि उद्या बाजाराला निघताना यजमानांचा पट्टा तुम्हीच लावा.