पोशाख शेवटी, आधी हलगी तापवायला शिकवा

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरच्या गांधीनगरजवळची शाळा, सातवीचा वर्ग. वर्गात सिंधी, धनगर, मुसलमान, कानडी बोलणारी आणि शिरोली एमआयडीसीत कामाला आलेल्या बिहारी कुटुंबांतली मुलं. गॅदरिंगला लोककलेचा कार्यक्रम करायचाय, चार महिने हातात आहेत. फेटे-नऊवारीचं भाडं काढून झालंय आणि आता 'कुठली कला घेतली तर कुणी नाराज होणार नाही' हे विचारताय. शाळेत नोकरी करता करता वीस वर्षं हे उद्योग केले, आता निवृत्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

फेट्यांचे पैसे आधी राखून ठेवा. ते वादकाला द्यायला लागतील.

माझी एक चूक सांगते. एका आंतरशालेय कार्यक्रमाला मी हातकणंगले तालुक्यातल्या धनगरी ओवीवाल्यांना बोलावलं होतं. प्रत्येक कलेला सात मिनिटं, असं मीच कागदावर आखलेलं. ओवी म्हणजे रात्रभराचं काम. आधी गाणं, मग सपादणी म्हणजे त्याच गाण्याची कथा सांगायची, की पुन्हा गाणं. म्हातारबांनी धनगरांच्या देवाचं, बिरोबाचं नमन धरलं, गावोगावच्या देवांना हाका घातल्या, आणि कथेला तोंड फुटणार तेवढ्यात खालून घंटा वाजली. ते थांबले. माईककडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बाई, द्याव आत्ता कुठं आलाय, एवढ्यात घालवायचा व्हय?" लोक हसले. मला आजही ते आठवलं की कानकोंडं होतं. पुढच्या वर्षी मुलांनाच पट्टणकोडोलीला घेऊन गेले. दसऱ्यानंतर विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. ढोल आणि कैताळ म्हणजे झांजा, हवेत भंडारा, पिवळीधमक झालेली माणसं. वर्गातला एक धनगराचा पोरगा एरवी मागच्या बाकावर मुका बसायचा. तिथं तो सगळ्यांना सांगत सुटला की हे असं का, ते तसं का. स्टेजवर त्याला कधी उभं केलं असतं तर त्यानं तोंड उघडलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की कलेला उचलून स्टेजवर आणण्याआधी मुलांना ती जिथं चालते तिथं न्या, आणि ती करणारा माणूस वर्गात आणा.

तुमच्या वर्गासाठी मी हलगी घेईन. भाषा लागत नाही, देव लागत नाही, आणि कोल्हापुरात ती कुठं नाही? कुस्तीच्या मैदानात, मर्दानी खेळात, मिरवणुकीत, सगळीकडं हलगी, तिच्या जोडीचा घुमणारा ढोल म्हणजे घुमकं, आणि कैताळ. पण शिकवायचं ते पहिल्या मिनिटापासून. लोखंडी कड्यावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं असतं; पावसाळी हवेत ते सैल पडतं, आवाज भद्द येतो. मग वादक रद्दीचा किंवा उसाच्या पाचटाचा जाळ करतो, हलगी त्यावर धरून फिरवत राहतो, मधूनच अंगठ्यानं टिचकी मारून कान लावतो. अजून नाही, अजून नाही, आणि मग एकदम 'टण्ण'. एका हातात जाडसर आखूड टिपरू, दुसऱ्यात बारीक लवचिक काडी. जाड हात ठेका धरतो, बारीक हात त्यात कुजबुज भरतो. हल्ली फायबरच्या पानाची हलगी निघालीय, ती तापवावी लागत नाही आणि पावसातही वाजते. वाजवणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही, त्यांचं पोट त्यावर आहे. पण मुलांना शिकवताना कातड्याची घ्या. जाळावर धरलेली हलगी कधी 'झाली' हे ज्या पोराच्या कानाला कळलं, त्याला ठेका आपोआप सापडतो.

आता अवघड भाग. हलगी वाजवणारी बहुतेक घरं मातंग समाजातली. लग्नात त्यांना बोलावतात तसं मयतालाही बोलावतात, आणि त्यावरून त्यांना पिढ्यान्‌पिढ्या खाली बघायला लावलंय. कॉलेजातल्या मुलांनी ढोल-ताशा पथकात वाजवलं की कौतुक, आणि याच माणसाच्या मुलानं वाजवलं की जातीचा शिक्का. माझ्या ओळखीच्या एका वादकानं मुलाला हलगीला हातही लावू दिला नाही. त्याला कसं चुकीचं म्हणणार? म्हणून वादक वर्गात आला की त्याला सर म्हणायचं, खुर्ची द्यायची, चहा स्टाफरूममध्येच. हे मुलं बघत असतात.

मुसलमान पालक काय म्हणतील, याची तुम्हाला जास्त काळजी दिसते. अहो, शाहीर लहरी हैदर आणि शाहीर पिराजीराव सरनाईक ही दोन्ही नावं याच कोल्हापूरची. बाबूजमाल तालमीत गणपतीही बसतो आणि मोहरमचा पंजाही. पोवाडा घ्यायला काही हरकत नाही. गोंधळ मात्र मी गॅदरिंगला घेणार नाही, आणि ते कुणाच्या नाराजीच्या भीतीनं नव्हे. संबळ, दिवटी, देवीला घातलेली हाक हा एखाद्या घरच्या कुळाचाराचा भाग आहे. गोंधळ्यांना बोलावून ऐकावा, त्यांना विचारावं. सातवीच्या मुलांकडून त्याची नक्कल करवू नये.

सिंधी मुलांना विचारा, घरी चेटीचंडला छेज खेळतात का. हातात काठ्या घेऊन गोलात खेळतात, आपल्या टिपऱ्यांची लांबची बहीण. लाडे म्हणजे त्यांची लग्नगीतं, ती आज्यांना पाठ असतात. चिकोडी-निपाणीकडच्या आजीला दळणाची कानडी गाणी येतील, बिहारच्या आईला छठची. प्रत्येक मुलानं घरून एक गाणं आणायचं, म्हणणाऱ्याचं नाव आणि ते कधी म्हणतात एवढं वहीत लिहायचं. फोनवर रेकॉर्ड करायचं तर आधी विचारून, आणि त्याची प्रत त्या घराला द्यायची. एकदा एका मुलानं आणलेल्या रेकॉर्डिंगमधल्या आजी दोन महिन्यांत गेल्या. त्यांचा आवाज घरात तेवढाच उरला.

मर्दानी खेळाचा आग्रह पालक धरतीलच. 2024 मध्ये दांडपट्टा राज्यशस्त्र जाहीर झाल्यापासून प्रत्येकाला थेट पट्टाच हवा असतो. पेठेतले वस्ताद आधी पवित्रे म्हणजे पायांची ठेवण घटवून घेतात, मग लाठी. चार महिन्यांत लाठीपर्यंत पोचलात तरी पुष्कळ.

पैशांचं. वरातीच्या सुपारीला वादक जे घेतो, त्या हिशेबानंच तासिकेचं मानधन ठरवा आणि त्याच दिवशी हातात द्या. 'शाळेचं काम आहे, समजून घ्या' हे वाक्य बोलूच नका. आणि शाळेच्या लेटरहेडवर तारीख, शिक्का, सहीसकट पत्र द्या, फोटो जोडा. राज्य सरकारच्या ज्येष्ठ कलावंत मानधन योजनेत 2024 पासून महिना 5000 रुपये मिळतात; अर्जाला कलेचे पुरावे जोडावे लागतात आणि आयुष्यभर वाजवलेल्या माणसाकडं नेमका तोच कागद नसतो. अर्ज भरायला तुमच्या ऑफिसातला कुणी मदतीला बसला तर फारच उत्तम.

पहिला तास मैदानात घ्या, वर्गात नको. रद्दी, काडेपेटी आणि बादलीभर पाणी आठवणीनं ठेवा. आणि शेजारच्या वर्गाच्या बाईंना आधी सांगून ठेवा, त्या दिवशी त्यांचं गणित काही होणार नाही.