बुधवारच्या प्रार्थनेत मी खोटं बोलते

प्रश्न : मावशी, जय ख्रिस्त. मी कोल्हापुरात उद्यमनगराजवळ राहते. मिस्टर फौंड्रीत कामाला आहेत. सासूबाई ७९ वर्षांच्या, चार वर्षांपासून त्यांना डिमेन्शिया आहे. आता मला ओळखत नाहीत. रात्री दोन-दोन वाजता उठून ‘माझ्या आईला बोलवा’ म्हणून दार वाजवत बसतात. आमच्या महिला मंडळाची दर बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते आणि प्रत्येकीला प्रार्थनेचा विषय विचारतात. माझी पाळी आली की मी ‘मुलाच्या बारावीसाठी’ म्हणून मोकळी होते. मुलगा हुशार आहे, त्याची मला काळजी नाही. सासूबाई बऱ्या होणार नाहीत, हे डॉक्टरांनी सांगितलंय. मग ‘बऱ्या होऊ देत’ म्हटलं की खोटं वाटतं. दुसरं जे मनात येतं ते तोंडावर आणवत नाही. घरी गुडघे टेकले तरी ‘प्रभू’च्या पुढं शब्द फुटत नाही. माझी प्रार्थना होतच नाही का?
— एक सून

उत्तर : ताई, जय ख्रिस्त. तुमचं पत्र वाचलं आणि आधी चहा टाकला. लगेच लिहिता येईना.

मी ३४ वर्षं नर्स होते, त्यातली निम्मी रात्रपाळीत गेली. रात्री वॉर्डात दिवा मंद केला की कण्हणं ऐकू यायला लागतं. हाड मोडलेला माणूस कण्हतो ते वेगळं, पोट धरून पडलेला वेगळं, कळा देणारी बाई वेगळंच. पहिल्या वर्षी सगळं एकसारखं वाटायचं. पुढं पुढं व्हरांड्यातून चालतानाच कळायला लागलं, कुठल्या खाटेकडं पळायचं आणि कुणाची नुसती कूस बदलून द्यायची. ‘सिस्टर, मला अमुक ठिकाणी अशी अशी कळ येतेय’ असं नीट वाक्य कुणी करत नाही. आणि वाक्य केलं नाही म्हणून आम्ही कुणाला तसंच टाकूनही गेलो नाही.

बायबलमध्ये रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायात २६ वं वचन आहे. कशासाठी प्रार्थना करावी हे आपल्याला ठाऊक नसतं तेव्हा आत्मा स्वतः ‘अनिर्वाच्य कण्हण्याने’ आपल्यासाठी मध्यस्थी करतो. ‘अनिर्वाच्य’, म्हणजे शब्दांत न सांगता येणारं, हा शब्द मला शाळेत असल्यापासून अडायचा. ‘कण्हणे’ मात्र नोकरीनं शिकवला. त्याच अध्यायात थोडं मागं जा. २२ व्या वचनात सगळी सृष्टी कण्हते, २३ व्यात आपण कण्हतो आणि २६ व्यात आत्मा. प्रेषित पौलाला ‘बोलतो’ लिहिता आलं असतं. त्यानं तसं लिहिलं नाही.

निर्गम पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातही बघा. मिसरातले इस्राएल लोक गुलामीनं कण्हत होते. त्यांनी कुठली प्रार्थना म्हटली ते तिथं दिलेलं नाही. देवानं त्यांचं कण्हणं ऐकलं, एवढंच आहे. त्यांना सोडवायला देव मोशेला बोलावतो, ते त्याच्या पुढंच.

आता माझं सांगते. आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. राहिला एकच शब्द, ‘बा’. चहा हवा, ‘बा’. लघवीला लागली, ‘बा’. खिडकीतला कावळा हाकल, तेही ‘बा’. अडीच वर्षं. पाहुणे आले की कावरेबावरे व्हायचे. मला मात्र तो ‘बा’ रागाचा की तहानेचा, हे स्वयंपाकघरातून कळायचं. एका पहाटे चादर बदलून मी खाली फरशीवर बसले आणि म्हणाले, ‘प्रभू, आता ने ह्यांना.’ आणि त्याच श्वासात, ‘नको, नको नेऊस.’ पुढं काही सुचलंच नाही. नुसतं प्रभू, प्रभू. तेवढ्यात खाटेवरून ‘बा’ आला आणि मला हसू फुटलं. आम्हा दोघांकडं एकेकच शब्द उरला होता. ह्यांचा मला कळत होता, मग माझा वरच्याला कळत नसेल कशावरून?

तुमच्या मनात येतं ते ‘दुसरं’ मला कळलं. त्याला पाप म्हणायला मी तयार नाही. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून ‘माझा प्राण घे’ म्हणाला, तो तर स्वतःसाठीच. देवानं त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं. दूतानं उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी पुढं ठेवलं, परत झोपू दिलं, परत खायला घातलं (१ राजे १९). नर्स म्हणून मला हा अध्याय फार पटतो.

आपल्या प्रार्थनेच्या भाषेचीही एक गंमत आहे. अमेरिकन मिशनरी वायल्डरसाहेब १८५२ साली कोल्हापुरात आले, मिशन उभं राहिलं, शाळा निघाल्या आणि आपल्या आज्या-पणज्या लिहायला-वाचायला शिकल्या. त्याचे उपकारच आहेत. पण त्याबरोबर प्रार्थना म्हणजे ‘हे दयाघन, सर्वसमर्थ पित्या’ अशी छापील मराठी, हे अंगवळणी पडलं. चटणीच्या डंकावर एक बोलायचं आणि गुडघ्यावर दुसरं. पंडिता रमाबाईंनी केडगावात मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, ते साध्या बायकांना समजावं म्हणून. तुम्हीही ‘देवा, लई दमले बघ’ म्हणून बघा. तेवढंही नाही आलं तर सासूबाईंच्या खाटेशेजारी हात धरून बसा. बायबलमधली हन्ना मूल मागायला मंदिरात गेली, तेव्हा नुसते ओठ हलवत होती. एली याजकाला वाटलं, बाई प्यायलीय! याजकाचीही चूक होते.

बुधवारचं म्हणाल तर बारावीचा विषय आता बंद करा. एवढंच सांगा, ‘माझा एक विषय आहे, बोलता येत नाही, तुम्ही माझ्यासाठी म्हणा.’ मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघं जण छप्पर उस्तरून पक्षाघाती माणसाला खाली सोडतात. तो स्वतः अक्षर बोललेला नाही. आता आपलं कोल्हापूर. दोघी-तिघी जिन्यापर्यंत मागं येऊन ‘काय गं, घरात काय झालंय?’ विचारणारच. हसून चप्पल घाला आणि निघा. आणि कुणी ‘विश्वास कमी पडतोय’ असं म्हणालं तर ऐकून घेऊ नका. आमच्या घरी एक गृहस्थ येऊन अर्धा तास मोठमोठ्यानं प्रार्थना करून असंच बोलून गेले होते. हे त्या दिवशी रात्रभर रडले. वाचा गेली होती, कान शाबूत होते. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं बरं चाललं होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं.

प्रभूची प्रार्थनाही तुम्हाला अडत असेल. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’पाशी माझीही अडायची. अडेल तिथं थांबा. पण तिच्यात ‘माझी भाकर’ नाही, ‘आमची भाकर’ आहे, म्हणजे रविवारी शेजारच्या बाकावरची बाई म्हणते त्यात तुमचंही येतं.

पत्राच्या मागच्या बाजूला तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंय की नणंद इचलकरंजीला असते आणि दिवाळीलाच येते. तिला आज फोन करा. आठवड्यातल्या दोन रात्री आईजवळ झोपायला ये, असं स्पष्ट सांगा. आडवळणानं नको. तास-दीड तासाचा रस्ता आहे. सासूबाई रात्री उठतात, त्याबद्दल डॉक्टरांना वेगळं विचारा. कधी लघवीची जळजळ असते, कधी दुखत असतं आणि त्यांना सांगता येत नाही. आणि त्या ‘आईला बोलवा’ म्हणाल्या की ‘आई गेली हो तुमची’ असं समजावू नका, दर वेळी नव्यानं रडतील. ‘आई कशी होती तुमची?’ असं विचारा आणि ऐकत बसा.