घरच्या पार्टीत बारा जणांना व्हिस्कीची कॉकटेल्स द्यायची आहेत. तयारी कशी करावी?

तुम्ही विचारले आहे की, घरी बारा मित्रमंडळी येणार आहेत, त्यांना ओल्ड फॅशन्ड, व्हिस्की सावर अशी जुनी, नावाजलेली कॉकटेल्स आणि त्यांचे काही निराळे प्रकार द्यायचे आहेत, पण बारमध्ये काम केल्याचा अनुभव नाही, तर हे कसे जमवावे. मी पुण्यात राहत्या घरी बरीच वर्षे अशा पार्ट्या करत आलो आहे आणि माझे पहिले सांगणे असे की, कॉकटेलचे बहुतेक काम आदल्या रात्री आणि त्या दिवशी दुपारी उरकून टाकावे, म्हणजे पाहुणे आल्यावर तुम्हाला फक्त ओतायचे काम उरते. पहिल्या पार्टीत मी प्रत्येकाला विचारून एकेक ग्लास बनवत बसलो होतो. नऊच्या सुमारास फ्रिजच्या ट्रेमधला बर्फ संपला, घाईने आणलेला चुरा बर्फ शेकरमध्ये टाकला आणि पुढचे सगळे सावर पाणचट झाले. त्याहून वाईट म्हणजे तीन वर्षांनी भेटलेल्या एका मित्राशी मला त्या संध्याकाळी धड बोलताही आले नाही, कारण मी सारा वेळ ओट्यापाशी पाठमोरा उभा होतो. त्याची रुखरुख मला अजून आहे.

बारा जणांसाठी तीनच पेये ठरवा: आधीच बाटलीत तयार करून ठेवता येईल असे एक, आयत्या वेळी शेकरमध्ये हलवायचे एक, आणि सोडा घालून उंच ग्लासात द्यायचे एक. निरनिराळे प्रकार याच तीन साच्यांतून निघतात.

पहिले अर्थातच ओल्ड फॅशन्ड. १८०६ साली अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्राने ‘कॉकटेल’ म्हणजे काय हे वाचकांना समजावून सांगितले होते. त्यात मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स (मुळे, साली, मसाल्यांचा मद्यातला कडवट अर्क) असे चारच घटक आहेत, आणि ओल्ड फॅशन्डमध्येही हेच चार असतात. त्यातल्या पाण्याकडे आपले लक्ष जात नाही. बारमध्ये बर्फावर ढवळताना ते पाणी आपोआप मिसळते. घरी ते मोजून आधीच घातले, तर बाराही ग्लास एकसारखे होतात. माझे प्रमाण असे आहे: ७५० मिलीची व्हिस्कीची एक बाटली, ७५ मिली गुळाचा पाक, १२ ते १५ मिली अँगोस्टुरा बिटर्स आणि १२५ मिली पिण्याचे गार पाणी. हे सगळे एक लिटरच्या स्वच्छ काचेच्या बाटलीत भरून आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवावे. मद्याचे प्रमाण पुरेसे असल्यामुळे घरच्या फ्रीझरमध्ये ते गोठत नाही, किंचित दाट मात्र होते, आणि ग्लासात ओतताना त्याचा तो संथपणा पाहायलाही छान वाटतो. एका ग्लासात ८० मिली, बर्फाचा एक मोठा खडा आणि संत्र्याच्या सालीची पट्टी, एवढेच.

मूळ कृतीत साखर असते. भारतीय सिंगल माल्टबरोबर (एकाच डिस्टिलरीत, मोड आणलेल्या सातूपासून केलेली व्हिस्की) मला गूळच अधिक आवडतो; बेंगळुरूची अमृत किंवा गोव्याची पॉल जॉन वापरली तर गुळाचा खमंगपणा त्यात विरघळून जातो. २०० ग्रॅम गूळ २०० मिली पाण्यात मंद आचेवर विरघळवावा, उकळू नये, आणि पातळ फडक्यातून नक्की गाळावा, कारण गुळातला बारीक कचरा बाटलीच्या तळाशी बसून शेवटचे ग्लास गढूळ करतो. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त ब्लेंडेड व्हिस्कीमध्ये मळीपासून केलेले स्पिरिट मिसळलेले असते. ती ओल्ड फॅशन्डमध्ये वापरू नका, कारण तिथे व्हिस्कीची चव झाकणारे काहीच नसते. सोडा किंवा लिंबाबरोबर ती चालून जाते. बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्यापासून केलेली अमेरिकी व्हिस्की, मिळाली तर उत्तमच.

आता त्या सालीविषयी, कारण इथे मी स्वतः अडखळलो होतो. परदेशी कृतींमधले संत्रे घट्ट सालीचे असते. आपल्या नागपुरी संत्र्याची साल सैल आणि पातळ असते, त्यामुळे सोलाणे लावले की ती फाटते आणि लांब पट्टी निघत नाही. म्हणून संत्रे आधी हातानेच सोलून घ्यावे, सालीच्या आतले पांढरे धागे चमच्याने खरवडून काढावेत आणि मग सुरीने दोन बोटे रुंद तुकडे कापावेत. तुकड्याची नारिंगी बाजू ग्लासाकडे धरून तो मधोमध दाबला की तेलाचे सूक्ष्म तुषार उडतात. उजेडासमोर धरले तर ते डोळ्यांना दिसतात, आणि पेयावर त्यांचा चकचकीत तवंग येतो. पहिला घोट तोंडात जाण्याआधी नाकाला जो वास येतो, तो या तवंगाचा. हे काम मात्र आधी करून ठेवता येत नाही, प्रत्येक ग्लासासमोरच करावे लागते, आणि पाहुण्यांना ते पाहायला आवडते.

दुसरे व्हिस्की सावर. एका ग्लासासाठी ६० मिली व्हिस्की, २० मिली लिंबाचा रस आणि २५ मिली साखरेचा पाक. बहुतेक इंग्रजी कृतींमध्ये पिवळे, मोठे, सौम्य लिंबू गृहीत धरलेले असते. आपले कागदी लिंबू त्यापेक्षा तिखट आंबट असल्यामुळे मी रस थोडा कमी ठेवतो. एका कागदी लिंबातून दहा-बारा मिली रस निघतो, म्हणजे बारा ग्लासांना वीस ते पंचवीस लिंबे लागतील. ती त्याच दिवशी दुपारी पिळावीत, आदल्या दिवशी नाही. शिळ्या रसाला कडवटपणा येतो आणि तो साखरेने झाकला जात नाही. व्हिस्की आणि पाक आधी एकत्र करून ठेवा, रस संध्याकाळी मिसळा, आणि एका वेळी दोन ग्लासांपुरते शेकरमध्ये घेऊन भरपूर बर्फावर पंधरा सेकंद जोरात हलवा.

वर पांढरा फेस हवा असेल तर अंड्याचा पांढरा भाग घालतात आणि बर्फ टाकण्याआधी एकदा कोरडेच हलवून घेतात. पण अंडे कच्चे राहते आणि शाकाहारी पाहुणेही असतील, तेव्हा न सांगता ते कोणालाही देऊ नये. काबुली चणे मीठ न घालता शिजवून उरलेले दाटसर पाणी एका ग्लासाला ३० मिली घातले, तर फेस जवळजवळ तसाच येतो आणि चण्याची चव लागत नाही. आमच्याकडे आता सर्वांसाठी हेच वापरतो.

सावरचे निराळे प्रकार करणे सर्वांत सोपे आहे. साखरेऐवजी मध घातला की गोल्ड रश होते. मधात आल्याचा रस मिसळून बर्बनऐवजी स्कॉच घेतली आणि वरून चमचाभर धुरकट वासाची, स्कॉटलंडमधल्या आयला बेटावरची व्हिस्की सोडली, की पेनिसिलिन. ते न्यूयॉर्कच्या मिल्क अँड हनी बारमध्ये सॅम रॉस यांनी २००५ च्या सुमारास तयार केले. माझ्या मते गेल्या काही दशकांत निघालेल्या व्हिस्की कॉकटेल्समध्ये हे सर्वांत चांगले आहे, आणि आल्याच्या वासामुळे आपल्या माणसांना ते पहिल्या घोटातच आपले वाटते.

मॅनहॅटनविषयी थोडेच सांगतो. ६० मिली राय (राय धान्याची व्हिस्की) किंवा बर्बन, ३० मिली गोड वर्मूथ, आणि बाटली दोनदा झटकून पडतील तेवढे बिटर्स. वर्मूथ ही मुळात वाइन आहे, त्यामुळे बाटली उघडल्यावर ती फ्रिजमध्ये ठेवून महिना-दीड महिन्यात संपवावी लागते. कपाटात वर्षभर पडलेल्या वर्मूथने हे पेय हमखास बिघडते. एका पार्टीसाठी बाटली आणायची तुमची तयारी असेल तरच हे करा. मग स्कॉच वापरून रॉब रॉय आणि कांपारी हे कडवट लाल इटालियन मद्य घालून बुलेव्हार्डिए हेही करता येतील.

तिसरे हायबॉल: उंच ग्लास बर्फाने काठोकाठ भरायचा, ४५ मिली व्हिस्की, त्याच्या तिप्पट अगदी थंड सोडा, आणि चमच्याने एकच हलका फेरा. सोड्याच्या लहान बाटल्या आणाव्यात, कारण मोठ्या बाटलीतला गॅस अर्ध्या वाटेत उडून जातो. याच ग्लासात २० मिली अमृत कोकम, म्हणजे कोकमाचे गोड सरबत, घातले की रंग आणि चव दोन्ही खुलतात. कोकम आगळ मात्र घेऊ नका. त्यात मीठ असते.

बर्फ माणशी किमान पाऊण किलो धरा. मोठ्या खड्यांसाठी स्टीलच्या वाट्यांत पाणी भरून दोन दिवस आधीपासून बर्फ गोठवून पिशवीत साठवत जा. उरलेला विकत घेताना तो खाण्यायोग्य बर्फ आहे याची खात्री करून घ्या. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये करण्यात आला, पण रंग नाही म्हणून बर्फ शुद्धच आहे असे मानू नये.

महाराष्ट्रात हे मद्य पिण्यासाठी वय २५ पूर्ण असावे लागते आणि परवानाही लागतो. दोन ग्लासांत १२० मिली व्हिस्की पोटात जाते आणि गोडव्यामुळे ती जाणवत नाही, म्हणून ओल्ड फॅशन्डबरोबरच खायचे मांडून ठेवा आणि गाडी चालवणाऱ्याला कॉकटेल अजिबात देऊ नका. त्याच्यासाठी, आणि न पिणाऱ्या प्रत्येकासाठी, आल्या-मधाचा पाक, लिंबू आणि सोडा तशाच ग्लासात, तशाच मोठ्या खड्यावर, संत्र्याची साल दाबून द्या. त्यात बिटर्स मात्र घालू नका, अँगोस्टुरामध्ये ४४.७ टक्के अल्कोहोल असते.